कॅनूने नदी उतरताना: रॅपिड मारायचा की चालत जायचं?

पोहता येतं, लाइफ जॅकेट आणि हेल्मेट आहे, सोबत दुसरी कॅनू आहे, हे धरूनच चालतो. नसेल तर नदीवरच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासाचा बेत सध्या बाजूला ठेवा.

सामान ड्राय बॅगांत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत, जड ते मध्यभागी तळाला, सगळं नावेला घट्ट बांधलेलं. लोंबती दोरी एकही नको, पायात अडकते. शांत पाण्यातलं वल्हवणं पहिल्या सकाळीच हाताला बसतं.

आता रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत वेगाने धावणारं पाणी. 'जोरात वल्हवा, नाव आपोआप सरळ जाते' असं सांगणारे भेटले की माझं डोकं फिरतं. जायचं कुठे हेच ठरलं नसेल, तर जोर लावून खडकावरच लवकर पोचाल.

पाण्याचा घुमणारा आवाज आला, किंवा पुढे नदी एकदम संपल्यासारखी दिसली, की तिथेच काठाला लागा. रॅपिडच्या शेवटापर्यंत चालत जा आणि परत येताना पाणी वाचा. पृष्ठभागावर इंग्रजी व्ही दिसतात. टोक प्रवाहाच्या दिशेला असेल तर ती दोन खडकांमधली वाट. टोक वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, असेल तर तिथे पाण्याखाली खडक आहे. झाड आडवं पडलं असेल तर विषय संपला: फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. सामान उतरवा, नाव खांद्यावर घ्या. रॅपिडची श्रेणी १ (सगळ्यात सोपा) ते ६ (सगळ्यात अवघड) अशी मोजतात. भरलेली उघडी कॅनू मी २ च्या पुढे नेत नाही. भित्रा म्हणा हवं तर.

रॅपिड उतरताना नावेत गुडघ्यांवर बसा. आणि नाव खडकावर आडवी गेलीच, तर खडकाकडे झुका, अगदी मिठी मारायला निघाल्यासारखे. अंग नेमकं उलट सांगतं. मी एकदा अंगाचं ऐकलं. पाणी येत होतं त्या बाजूची कड पाण्यात गेली, डोळ्यांदेखत नाव भरली आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी खडकाला चिकटली. मधला आडवा दांडा मोडल्याचा आवाज पाण्याच्या गोंगाटातही ऐकू आला. तिघांनी दोर लावून ती सोडवेपर्यंत दुपार गेली.

पडलात तर नावेच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला राहा. पाणी भरलेली नाव शेकडो किलोंची होते. तिच्या आणि खडकाच्या मध्ये सापडू नका. पाठीवर तरंगा, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर. धावत्या पाण्यात उभं राहायला जाऊ नका. पाय दगडांत अडकला की प्रवाह तुम्हाला पालथं पाडतो आणि मग डोकं वर काढता येत नाही.

मुक्कामाला नाव उंचावर ओढून, पालथी घालून झाडाला बांधा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. सकाळी काठी पाण्यात उभी दिसली, तर रात्रीत पाणी चढलंय; काल संध्याकाळी पुढचा रॅपिड बघून ठेवला असला तरी तो पुन्हा चालत जाऊन बघा.