डिझेल गाडीत ऑइलचा नंबर निवडताना या चुका टाळा: बेळगावची थंडी, चोर्ल्याचा घाट आणि वीस-पन्नासचा मोह

"घाट चढायचाय न्हवं? मग वीस-पन्नास घालूया की. जाड ऑइल, इंजिनाला तरास न्हाई."

बेळगावात उद्यमबागेकडच्या एका गॅरेजात मिस्त्रीमामा असं म्हणाले आणि मी मान डोलावली. गाडी १.३ लिटरची डिझेल हॅचबॅक. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं, मामांचं वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५०, त्याहून बरंच जाड. सप्टेंबरात ऑइल बदली केलं, दसरा-दिवाळी बरी गेली. डिसेंबरात पारा बारा-तेरावर उतरला आणि पहाटे स्टार्टर मारला की इंजिनातून साखळी हलवल्यासारखा खडखडाट येऊ लागला. पाच-सहा सेकंद, मग गप्प. त्या इंजिनात टायमिंग चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गार पडलेलं जाड ऑइल तिथवर पोचेपर्यंत चेन सैल राहून वाजत होती. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर रिकामा करून पुस्तिकेतलं ऑइल घातलं, तशी ती गप्प झाली. मामांना काय बोलणार? पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात होती, प्लास्टिकही न फाडलेली.

त्यानंतर मावसभावाने टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची घर-व्हॅन केली. बिछाना, गॅस, पाण्याची टाकी, सगळं आत. पुन्हा तोच प्रश्न आला, या खेपेला मात्र पुस्तिका आधी उघडली.

नंबर उलटा वाचणं

१५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू 'विंटर'चा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनासाठी, नंतरचा तापलेल्या इंजिनासाठी. आपल्याकडे पुष्कळ जण 'पंधरा ते चाळीस अंशांचं ऑइल' असा अर्थ लावतात. त्या आकड्यांचा हवेच्या अंशांशी तसा सरळ संबंध नाही. १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. बेळगावात एखाद्या वर्षी पारा दहाच्या खाली गेला तरी पेपरात बातमी येते. म्हणजे इथल्या थंडीत १५डब्ल्यू न वाहण्याची भीती नाही.

दुसरा आकडा १०० अंशांवरची जाडी सांगतो, आणि ती सेंटीस्टोकमध्ये मोजतात. ३० म्हणजे ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. तापल्यावर हा फरक बेताचा वाटतो, खरं गार असताना तो फुगतो. ४० अंशांवर साधारण ५डब्ल्यू-३० ची जाडी पासष्ट-सत्तर असते, २०डब्ल्यू-५० ची एकशे साठ-सत्तर. दुप्पटीहून जास्त. पहाटेच्या बारा-तेरा अंशांवर तर त्याहून वाईट. माझ्या चेनच्या आवाजाचा हिशेब इथे लागला.

जाता जाता: गिअर ऑइलचा '९० नंबर' ऐकून ते इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल असं वाटतं. त्याची मोजपट्टीच वेगळी आहे. ते ९० जाडीला इंजिनाच्या ४०-५० च्या आसपास भरतं.

ऊन कडक आहे म्हणून जाड घालणं

अथणी-रायबागकडचे पाहुणे हा मुद्दा हटकून काढतात. तिकडचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, म्हणून जाड ऑइल. खरं इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेवर फारसं ठरत नाही. थर्मोस्टॅट कूलंटला नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर वीस अंश असोत की अडतीस. ऑइलला खरं तापवतं ते ओझं आणि चढ.

गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ल्याचा घाट चढून या, म्हणजे कळेल. समुद्रसपाटीच्या जवळून सुरुवात, घाटमाथा आठशे मीटरच्या आसपास. हॅचबॅक हे अंतर गाणी ऐकत चढते. घर-व्हॅन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडत येते, कारण ती कधी रिकामी नसतेच. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यावर बॅटऱ्या, सिलिंडर, छतावरचा एसी, पलंगाचं लाकूड. माल उतरवून परतीला हलकं होण्याचं सुख पिकअपवाल्याला असतं, घर-व्हॅनवाल्याला नाही.

अशा वेळी बेअरिंगमधला ऑइलचा थर किती टिकतो हे बघायला वेगळी चाचणी आहे. १५० अंश तापमान आणि जोराचं घर्षण यांत उरलेली जाडी मोजतात. तिला एचटीएचएस म्हणतात. गंमत अशी की एकाच ५डब्ल्यू-३० नंबराच्या दोन डब्यांत हा आकडा वेगळा असू शकतो. एसीईए (युरोपातल्या गाडी-कंपन्यांची संघटना) सी२ लिहिलेल्या डब्यात तो किमान २.९ असतो, सी३ लिहिलेल्यात किमान ३.५. १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७ लागतो. दुकानात नंबर बघून डबा उचलणारा माणूस मागची बारीक अक्षरं वाचत नाही, आणि घाटातली निम्मी गोष्ट तर त्याच अक्षरांत असते.

माझं मत: व्हॅनच्या पुस्तिकेत दोन नंबरांना परवानगी असेल, समजा ५डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४०, तर गोवा-आंबोली-अनमोड करणाऱ्याने ४० घ्यावा. एकच नंबर दिला असेल तर तोच, वर डोकं चालवू नये. गावात फिरणाऱ्या हॅचबॅकला ४० चा काही फायदा नाही, उलट थोडं डिझेल जास्त जाईल.

जाड ऑइलने मीटरवर दाब वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. दाब वाढला म्हणजे ऑइल जास्त पोचलं असं नाही, ते अडलं म्हणूनही दाब वाढतो. फार जाड गार ऑइल फिल्टरमधून जाईना झालं की फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनात फिरतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो. त्याला उशिरा पोचलेलं ऑइल अजिबात सोसत नाही.

एक सूट देतो. जुनी, साध्या पंपाची जीप असेल, धूर मारत असेल, ऑइल पीत असेल आणि इंजिन बांधायला पुढच्या दिवाळीपर्यंत पैसे नसतील, तर वीस-पन्नास घालून दिवस काढा. कॉमन रेल, म्हणजे जोराच्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या, टर्बो गाडीत हा उपाय करू नका.

ट्रॅक्टरच्या बॅरलमधलं ऑइल बीएस६ गाडीत

ही चूक निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसवाल्यांच्या घरी जास्त होते. गळीत हंगामासाठी बॅरल आणलेलं असतं, गाडीला चार-पाच लिटर लागतात, मग दुकानात कशाला जा? १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो काजळी पकडतो आणि अधूनमधून तापवून जाळून टाकतो. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या धातूच्या मिश्रणातून होणारी राख त्यात कायमची साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं: सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, एपीआय (अमेरिकेतली तशीच संस्था) सीके-४ मध्ये १ टक्का. ट्रॅक्टरच्या ऑइलला अशी सक्ती नसते. त्यामुळे बॅरलवरचा १५डब्ल्यू-४० पुस्तिकेशी जुळला तरी काम झालं असं नाही. डीपीएफ बदलायचा खर्च ऐकलात तर ते बॅरल ट्रॅक्टरलाच सोडाल.

सुटं ऑइल शक्यतो नकोच. आणि रिकामा डबा भंगारात देताना सुरीने कापून द्या, कोणी पुन्हा भरून विकू नये.

लक्षणं दिसल्यावर नंबर बदलणं

घाट चढून वर चहाला थांबलो, आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. पहिला सल्ला ठरलेला: "पातळ झालंय, जाड घाला." थांबा. इंजिन बंद करा, सपाट जागी पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि गेजची दांडी काढून बघा. ऑइल कमी असेल तर गळती शोधा. बरोबर असेल तर प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल मीटर लावून खरा दाब मोजायला सांगा. स्विच खराब असणं ही सगळ्यात स्वस्त शक्यता. पंप किंवा बेअरिंग झिजलेलं असणं ही सगळ्यात महागडी. जाड ऑइल घातलं की दोन्ही झाकली जातात, आणि महागडी आणखी महाग होते.

दांडीवर ऑइल खुणेच्या वर दिसलं तर आनंद मानू नका. ऑइल आपोआप वाढत नाही, बहुधा त्यात डिझेल उतरलेलं असतं. डीपीएफ तापवण्यासाठी गाडी उशिराने जादा डिझेल फवारते. ही जळण्याची प्रक्रिया अर्ध्यात तुटत राहिली तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून चेंबरात जातं आणि ४० चं ऑइल हळूहळू ३० होतं. कॅम्पातून टिळकवाडी, टिळकवाडीतून शहापूर, एवढंच फिरणाऱ्या गाड्यांत हे होतं. घर-व्हॅनमध्ये दुसरं कारण असतं: रात्रभर एसी किंवा बॅटरीसाठी इंजिन चालू ठेवणं. तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, ऑइलचं आयुष्य मात्र सरत जातं. अमेरिकेत फोर्ड आपल्या डिझेल पिकअपसाठी आयडलिंगचा एक तास सुमारे ४० किलोमीटर धरते. आमच्या व्हॅनलाही आम्ही तोच हिशेब लावतो.

झाकणाखाली ताकाच्या सायीसारखा पांढरट थर दिसला आणि महिना जुलै असेल, तर लगेच हेड गॅस्केटच्या नावाने डोक्याला हात लावू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात दमट हवेतली वाफ आत थिजते, आणि छोट्या फेऱ्यांत ऑइल ती उडवण्याइतकं तापत नाही. तास-दीड तास हायवेने संकेश्वरपर्यंत जाऊन या. थर पुन्हा आला आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र गॅस्केट तपासा.

काळं ऑइल हे लक्षणच नव्हे. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

वरून भरताना

वाटेत कमी पडलं आणि आपला नंबर मिळाला नाही, तर अर्धा-एक लिटर जवळच्या नंबरचं चालतं. घरी आल्यावर बदला. खुणेच्या वर भरू नका. क्रँक ते ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसात थर टिकत नाही.

व्हॅन लडाखला नेणार असाल तरच डब्ल्यूच्या आकड्याकडे गंभीरपणे बघा. तिकडच्या हिवाळ्यात साधं डिझेलच गोठतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत टिकणारं वेगळं डिझेल आणलं, ते याचसाठी. पावसाळाभर दारात उभ्या राहिलेल्या व्हॅनचं ऑइल हजार किलोमीटर झाले असले तरी वर्षाने बदलायचं, कारण ओल आणि आम्ल किलोमीटर मोजत बसत नाहीत.

भावाच्या व्हॅनच्या बॉनेटखाली आता एक चिठ्ठी चिकटवलेली असते: तारीख, किलोमीटर, आयडलिंगचे तास, आणि ऑइलचा पूर्ण नंबर, मागच्या बारीक अक्षरांसकट. मागच्या खेपेला मिस्त्रीमामांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे तुमीच लिव्हून ठेवलासा? बरं झालं. आता मला इचारू नका."