माणसांविषयीची माहिती लक्षात कशी ठेवावी

नव्याने ओळख झालेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट विसरली, की आपण स्मरणशक्तीला बोल लावतो. माझ्या मते खोट बहुधा त्याआधीच राहिलेली असते, कारण ऐकताना तो माणूस आपल्या लेखी कोण आहे हेच ठरलेले नसते. म्हणून सुरुवात पाठांतराने करू नये. हॅमिल्टन, कॅट्झ आणि लायरर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटाला एखाद्या व्यक्तीच्या वागण्याविषयीची वाक्ये लक्षात ठेवण्यास सांगितले होते, तर दुसऱ्या गटाला त्याच वाक्यांवरून ती व्यक्ती कशी असेल याविषयी मत बनवण्यास. पुढे अधिक वाक्ये आठवली ती दुसऱ्या गटाला. तेव्हा ऐकतानाच ‘हा माणूस कसा आहे’ असे स्वतःला विचारावे आणि प्रत्येक तपशील त्या उत्तराला जोडावा.

नावाचे दुखणे वेगळे आहे. सुतारकाम करणारा लक्षात राहतो, पण ‘सुतार’ आडनावाचा गृहस्थ निसटतो, कारण व्यवसायाभोवती हत्यारे, लाकूड, कारखाना असे चित्र उभे राहते आणि आडनावाभोवती काहीच नसते. नाव त्याच भेटीत दोनतीनदा उच्चारावे. त्याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

खरा घोळ होतो तो एकाच गटातल्या माणसांत. एकदा मी एका सहकाऱ्याला मुलाच्या परीक्षेचे मोठ्या आपुलकीने विचारले. परीक्षा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या मुलाची होती, आणि यांना मुलगाच नव्हता. माहिती खरी होती, पण दोघेही माझ्यासाठी नुसते ‘हिशेब विभागातले’ असल्याने ती भलत्याच्या नावावर जमा झाली. अशा वेळी दोघांना वेगळे करणारी एक खूण, म्हणजे एखादी तक्रार, छंद किंवा बोलण्याची लकब, आधी पक्की करावी आणि मगच बाकीचे लक्षात ठेवावे.

जवळच्या नात्यात उलट घडते. नातेवाइकांचे वाढदिवस जोडीदाराला पाठ आहेत हे माहीत असल्यामुळे आपण ते मनावर घेतच नाही. ही वाटणी सोयीची असली, तरी ज्यांच्याशी स्वतःचा संबंध टिकवायचा आहे त्यांच्यापुरती ती मोडावी.

टिपण ठेवले असेल, तर पुढच्या भेटीपूर्वी ते उघडण्याआधी मागच्या वेळचे बोलणे स्वतः आठवून पाहावे. तरीही शंका उरली, तर अंदाजाने काही विचारण्यापेक्षा ‘मागे आपण काय सांगितले होते?’ असे सरळ विचारावे.