सोलापुरात गिझर आतून मरतो: या चुका टाळा

सोलापूरला येण्याआधी सहा वर्षं मी रत्नागिरीत गिझरची कामं केली. तिथं उघडायच्या आधीच रोग दिसायचा. पत्र्याच्या कव्हरला बुडाकडून गंज, स्क्रू फिरवला की त्याचं डोकंच हातात यायचं, टर्मिनलवर तांब्याची हिरवी कळकी, पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे पॉइंट खाल्लेले. टाकी मात्र बहुतेक वेळा आतून ठणठणीत. समुद्राकडून येणारा खारा, ओला वारा पत्रा आणि वायरींची टोकं खातो.

सोलापुरात पहिला गिझर उघडला तो जुळे सोलापूरमधल्या एका घरात. बाहेरून नवाकोरा, वरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नव्हतं. खालची प्लेट सोडवली तर पाणी तापवणारी कॉइल बाहेरच येईना, तिच्यावर मनगटाएवढा पांढरा थर जमला होता. टाकीतून अर्धी बादली खपल्या निघाल्या. घरातल्या काकू बघतच राहिल्या. "मिस्त्री, चार वर्षं झाली फक्त. एवढं सगळं आमच्या पाण्यातलं?" होय की, सगळं पाण्यातलंच.

सोलापूरकरांच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. गिझर निवडताना आणि जपताना आपण कोकणातल्या, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचा सल्ला घेतो. त्यांचा शत्रू वेगळा आहे.

पाणी न ओळखता गिझर घेणे

"आमच्याकडे उजनीचं पाणी आहे" असं सांगणाऱ्या घरात मी आधी हौद बघतो. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवतात. आंघोळीला, धुण्याला बोअर. त्यामुळे गिझरमध्ये जातं ते बोअरचं नाहीतर दोन्हींचं मिसळलेलं पाणी. आपल्याकडचा काळा पाषाण झिजतो तसं त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भूजलात उतरतं. यालाच पाण्याचा जडपणा म्हणतात. पाणी थंड असेपर्यंत ते विरघळलेलं राहतं. तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडीचा थर सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे कॉइलवर बसतो. साठ अंशांच्या वर हे फार वेगानं होतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. गिझरला २०० सुद्धा कमी नाहीत. आणि एक सांगतो, खिशातल्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यातला जडपणा किती ते सांगत नाही. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा नसेल तर पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, साध्या साबणाचा थोडा चुरा टाका (डिटर्जंट नको) आणि जोरात हलवा. फेस टिकला तर ठीक. फेसाऐवजी दुधट गढूळपणा आणि वर साय आली, तर तुमच्या गिझरला दरवर्षी हात लावावा लागणार असं समजा.

आता खरेदी. दुकानात विक्रेता पहिल्यांदा प्लॅस्टिक बॉडीवर बोट ठेवतो, "गंजणार नाही साहेब." खरं आहे, आणि मालवणला किंवा अलिबागला राहत असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे जरूर द्या. सोलापुरातल्या कोरड्या हवेत पत्र्याची बॉडीही आरामात टिकते. इथे विचारायचं ते वेगळं: टाकीला आतून काचेचा मुलामा आहे का, अ‍ॅनोड (टाकी गंजू नये म्हणून आत घातलेली कांडी) केवढा आहे, कॉइल तांब्याची आहे की इन्कोलॉय ८०० ची. इन्कोलॉय हा निकेल, लोह आणि क्रोमियमचा मिश्रधातू. थर त्याच्यावरही बसतोच, पण त्याखाली तापूनही तो तांब्यापेक्षा जास्त तग धरतो. वॉरंटी कार्डही तिथेच वाचा. टाकीची वर्षं मोठ्या अक्षरात असतात, कॉइलची कमी असतात आणि जड पाण्याची अट बारीक अक्षरात असते. आयएसआय खूण नसलेला गिझर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

अ‍ॅनोडचा विसर

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याच चुकीबद्दल. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती टाकीच्या लोखंडाऐवजी स्वतः झिजते, तिचं कामच ते. काचेच्या मुलाम्याला कुठेतरी केसाएवढी भेग असतेच, आणि कांडी शिल्लक आहे तोवर त्या भेगेतलं लोखंड वाचतं. ती संपली की पाणी टाकीला लागतं. मी उघडलेल्या कितीतरी गिझरांमध्ये कांडीच्या जागी नुसती तार लोंबत होती. घरच्यांना अशी काही वस्तू आत असते हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. अ‍ॅनोडची किंमत नव्या गिझरच्या किमतीपुढे काहीच नाही. अर्ध्याहून बारीक झाला, किंवा मधली तार दिसायला लागली, की बदला.

ज्यांनी घराला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवलाय त्यांनी निर्धास्त होऊ नये. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. थर बसायचा थांबतो, पण मॅग्नेशियमची कांडी उलट जास्त लवकर खपते. अशा घरी मी सहा महिन्यांनी अ‍ॅनोड बघतो. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तोही बऱ्याचदा मॅग्नेशियम आणि पाण्यातले सल्फेटवर जगणारे जंतू यांच्या जोडीचा असतो. टाकी धुऊन अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा अ‍ॅनोड घातला की जातो.

ठोकून किंवा अ‍ॅसिड ओतून साफ करणे

कॉइलवरचा थर बघून पहिला मोह होतो पेचकस घेऊन टोचायचा. कॉइलचं आवरण पातळ असतं, एक ओरखडा पुरतो. दुसरा मोह बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडचा. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चुनखडी खातं तसं धातूही खातं. साफ दिसणारी कॉइल मग महिन्याभरात जाते, आणि ते अ‍ॅसिड टाकीत ओतलेलं असेल तर टाकीही.

बरोबर रीत सोपी आहे, फक्त धीर हवा. बोर्डावरचा गिझरचा स्विच (एमसीबी) बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. गिझर पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढा, प्लेट सोडवा. बादलीत कोमट पाणी घेऊन लिटरमागे दोन-तीन चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाका, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते. कॉइल त्यात रात्रभर उभी ठेवा. बुडबुडे येतात, सकाळी थर चिखलासारखा सुटतो. टर्मिनलची टोकं मात्र पाण्याच्या वरच राहू द्या. आवरणाच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती ओल शोषते, आणि मग धडधाकट कॉइलही आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पाडते. कोकणात पावसाळाभर बंद ठेवलेला गिझर गणपतीत लावला की आरसीसीबी पडतो त्याचंही एक कारण हेच. आपल्याकडे असं झालं तर दमट हवेला दोष देऊ नका, कॉइलचं आवरण फुटलंय का ते आधी तपासा.

परत बसवताना गॅस्केट (प्लेटखालची रबरी चकती) नवंच टाका. जुनं दाबून बसवलेलं गॅस्केट दुसऱ्या दिवशी ठिबकतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

हे दसऱ्यानंतर लगेच करा. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे येऊन बसले की मग फोन येतात, आणि जानेवारीत आम्हा कुणालाच सवड नसते.

लक्षण एक, उपचार भलताच

"पाणी तापत नाही" म्हटलं की कॉइल बदलायची, अशी एक वाईट सवय आमच्या धंद्यातच आहे. आधी घड्याळ लावा. २५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धा तास घेतो आणि एक युनिट वीज खातो. १५ लिटरचा अठरा-वीस मिनिटं. हे आकडे लक्षात ठेवून दिव्याकडे बघा.

दिवा चालू आणि पाणी गारच, तर कॉइल तुटली आहे. दिवा दहा मिनिटांतच विझतो आणि पाणी कोमट, तर थराने कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी एकमेकांना चिकटली आहे. थर्मोस्टॅटला वाटतं पाणी उकळलं. इथे साफसफाई हवी. गिझर खदखदतो, आतून टकटक आवाज येतो, तेही थराचंच. दिवा वेळेवर विझतो, पहिली बादली गरम येते आणि मग एकदम गार, तर बहुतेकदा मिक्सर नळात गार पाणी गरमच्या लाइनीत घुसतंय. शॉवरच्या तोंडाशी वेगळा कॉक लावून मिक्सर उघडाच ठेवणाऱ्या घरांत हे हमखास होतं. यात गिझरचा काही दोष नसतो.

थरामुळे बिल दुप्पट होतं असं सांगणारेही भेटतील. त्यात फारसं तथ्य नाही. कॉइल टाकीतच असते, तिची उष्णता थोडी उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरं नुकसान असं की आतल्या आत तापून कॉइल जळते आणि खपल्यांनी जागा व्यापल्यामुळे २५ लिटरच्या टाकीत २५ लिटर पाणी मावत नाही.

थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला फिरवून ठेवू नका. ५५ च्या आसपास आंघोळीला भरपूर होतं आणि थरही कमी बसतो. ५० च्या खाली मात्र नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. आठवड्यातून एकदा ६० च्या वर तापवून घ्यावं.

पाणी गेल्यावर गिझर चालू

ही चूक सोलापूरचीच म्हणावी लागेल. वरची टाकी रिकामी झाली, कुणी गरम नळ उघडून बघितला आणि खालच्या मजल्यावर एखादा नळ उघडाच होता, तर गरम नळातून हवा आत शिरते आणि गिझरमधलं पाणी उलटं खाली उतरतं. पाणी मागे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह चांगला असेल तर असं होत नाही. नसेल तर कॉइल उघडी पडते, आणि कोरडी तापलेली कॉइल काही मिनिटांत संपते. गिझरची टाकी कोरडी पडली असेल तर पाणी आल्यावर आधी गरम नळ उघडा. फसफस थांबून सलग धार लागली की मगच बटण दाबा.

गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांच्या सोलरचंही हेच. भर उन्हात रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी शिरलं की काच तडकते. टाकी रिकामी राहिली असेल तर पाणी रात्री किंवा पहाटे चढवा.

व्हॉल्व्हला बूच, अर्थिंगला विसर

इथे चूक झाली तर नुसतं पैशांवर भागत नाही. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे पावणेचारशे मिलिलिटरनं फुगतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून बाहेर येतं. फरशी ओली होते म्हणून मी लोकांनी त्या भोकात खिळा ठोकलेला पाहिलाय, एम-सील भरलेलं पाहिलंय. अशा टाकीचा थर्मोस्टॅट अडकला तर ती फुटते. ठिबक त्रासदायक वाटत असेल तर बारीक नळी लावून मोरीत सोडा. तापत नसतानाही सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह बदला. तसंच पाणी अति तापलं की वीज तोडणारा कटआउट वारंवार पडतो म्हणून तो तार जोडून बायपास करणारा मिस्त्री दिसला, तर त्याला हात जोडून घरी पाठवा.

आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. खड्ड्यात पाणी घालत जा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्या. ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी नसेल तर नव्या गिझरच्या आधी तो बसवा. आणि आंघोळीला जाताना बटण बंद.

गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीच नको. गॅस जळताना विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो आणि त्याला वास नसतो.

दुरुस्त करायचं की बदलायचं

कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, गॅस्केट, अ‍ॅनोड यांतलं काहीही गेलं तरी गिझर वाचतो. टाकी फुटली तर वाचत नाही, तिला वेल्डिंग किंवा एम-सील करण्यात पैसे घालवू नका. पण गळती टाकीचीच आहे ना, हे आधी नीट बघा. कव्हर काढून टिपकागदाने सगळं पुसा. ओल प्लेटच्या कडेला आली तर गॅस्केट, पाइपाच्या सांध्याला आली तर निप्पल (सांध्यातला छोटा पाइप). फोममधून तांबूस पाणी झिरपत असेल तरच टाकी. साखर पेठेतल्या एका आजोबांना नवा गिझर घ्यायला सांगून कुणीतरी गेलं होतं, प्रत्यक्षात गॅस्केट गेलं होतं. तो गिझर अजून चालतोय.

नवा बसवताना त्याच्याखाली हातभर जागा मोकळी सोडा. कॉइल आणि अ‍ॅनोड खालूनच निघतात. हल्ली फॉल्स सीलिंगच्या वर किंवा माळ्यात गिझर कोंबतात, मग साफ करायला आख्खा गिझर उतरवावा लागतो आणि त्या कटकटीपायी कुणी साफच करत नाही. बसवल्यावर कव्हरवर मार्करने तारीख लिहा, आणि त्याखाली पुढच्या दसऱ्याची.