टुंड्रामधल्या आगींवर प्रोजेक्ट घ्यायचा असेल तर

ठाण्यात बसून आर्क्टिकच्या टुंड्रातल्या, म्हणजे झाडं नसलेल्या थंड प्रदेशातल्या, आगींवर काय काम करणार, हे घरच्यांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, पण डेटा फुकट आहे आणि नेट बरं असलं की काम होतं. एमएस्सीला नवीन आलेल्यांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट, येऊरच्या डोंगरावर उन्हाळ्यात वणवा दिसतो ते डोक्यातून काढा. आपल्याकडे आग बहुतेक वेळा माणूस लावतो, तिकडे मुख्यतः वीज. आणि जळतं काय, तर शेवाळ, गवताचे गुच्छ, बुटकी झुडपं आणि खाली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्याखालची जमीन कायम गोठलेली, म्हणून पाणी मुरत नाही, वरचा थर मात्र ऊन-वारा मिळाला की पटकन सुकतो. त्यामुळे नुसतं तापमान बघून काही कळत नाही, पाऊस किती दिवस नव्हता, हवा किती कोरडी होती, वीज कधी पडली, हे सगळं एकत्र लागतं.

माझं ऐकाल तर आधी एकच आग घ्या, अलास्कातली २००७ ची अनाक्तुवुक नदीची. जुलैत वीज पडून लागली, ऑगस्टभर नुसती धुमसत राहिली आणि सप्टेंबरात कोरडा वारा सुटल्यावर अशी पसरली की एकूण हजारावर चौरस किमी जळालं, म्हणजे अख्ख्या मुंबईपेक्षा जास्त, शेवटी ऑक्टोबरच्या बर्फाने विझली. नासाच्या फर्म्स या आगींच्या साइटवरून मोडिसचे ठिपके (उपग्रहावरच्या या उपकरणाला आग दिसली त्या जागा) उतरवा, युरोपच्या कोपर्निकसवरून ईआरए५ या जुन्या हवामानाच्या डेटातला पाऊस, वारा, आर्द्रता घ्या आणि तारखेनुसार एकाखाली एक लावा. जुलै-ऑगस्टमध्ये तुरळक ठिपके आणि सप्टेंबरात एकदम गर्दी, हे स्क्रीनवर दिसलं की हवामानाचा हात कुठे आहे ते कोणी शिकवावं लागत नाही. ढग असले की ठिपके गायब होतात हं, म्हणजे आग विझली असं नाही.

वेळेकडे नीट बघा. डेटा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतो, अलास्कातली दुपार म्हणजे यूटीसीचे रात्रीचे ९-१०, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे अडीच-साडेतीन वाजलेले. तिथल्या तारखेप्रमाणे सरासरी काढायच्या आधी हे सरळ करून घ्या.

नोकरीचं विचाराल तर ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांना टुंड्राशी घेणंदेणं नाही. पायथनमध्ये नेटसीडीएफ फाइल्स (हवामानाचा डेटा ज्यात येतो त्या) उघडता येतात का आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हाताळता येतं का, एवढंच विचारतात, आणि या प्रोजेक्टमध्ये ते दोन्ही आपोआप होतं.