छापखान्याचं ते जुनं चित्र आणि त्याच्याबाबत होणाऱ्या चुका

मुद्रणाच्या इतिहासावर लेख असो, प्रदर्शन असो की व्याख्यान, एक चित्र हमखास दिसतं. अक्षरांच्या खणांच्या पेट्यांपुढे बसून खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवणारे जुळारी, लाकडी यंत्राचा दांडा ओढणारा माणूस, चामड्याच्या गोळ्यांनी शाई लावणारा त्याचा जोडीदार आणि वर दोऱ्यांवर वाळत घातलेले छापील कागद. स्ट्राडानुस या फ्लेमिश चित्रकाराच्या 'नोव्हा रेपर्टा' म्हणजे 'नवे शोध' या मालिकेतलं हे चौथं चित्र. स्ट्राडानुस ब्रुजचा, पण त्याची कारकीर्द फ्लॉरेन्समध्ये झाली. मुखपृष्ठ धरून वीस चित्रांची ही मालिका १५९० च्या सुमारास अँटवर्पच्या फिलिप्स गालेने प्रसिद्ध केली. मी उमेदीची वर्षं खिळे जुळवण्यात काढली आणि आता जुनी मुद्राचित्रं म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रं सांभाळतो, त्यामुळे या चित्राची चाललेली हेळसांड बघवत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे खाली 'गुटेनबर्गचा छापखाना' असं लिहिणं. गुटेनबर्ग म्हणजे युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणारा जर्मन मुद्रक. त्याचं बायबल माइन्झमध्ये १४५५ च्या सुमारास छापून झालं. चित्र त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी काढलेलं. छपाईयंत्राचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्रसुद्धा फ्रान्समधल्या ल्यों शहरातलं, १४९९ सालचं आहे आणि त्यात छापखान्यात शिरलेला मृत्यू दाखवलाय. म्हणजे गुटेनबर्गच्या हयातीतलं यंत्राचं एकही चित्र आपल्या हाती नाही. स्ट्राडानुसने त्याच्या काळातला गजबजलेला छापखाना रंगवला. आपल्याकडे खरं तर हे चित्र दुसऱ्याच ठिकाणी शोभेल. गोव्यात १५५६ मध्ये पहिला छापखाना आला आणि १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' रोमन खिळ्यांत छापलं गेलं. चित्र काळाने या दोन्हींच्या मधलं. ते गोव्याच्या छापखान्याचं चित्र नाही, पण त्या काळी काम कसं चालायचं याची कल्पना त्यावरून नक्की येते.

मालिकेचं नाव वाचून मुद्रणाचा शोध युरोपातच लागला असं कोणी लिहू नये. चीनमध्ये बी शेंगने मातीचे सुटे खिळे अकराव्या शतकात केले होते आणि कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी छापलेलं पुस्तक आजही शिल्लक आहे.

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात या चित्राखाली पाटी होती : 'मुद्रणाचा शोध लावणारा स्ट्राडानुस'. पाटी लिहिणारी मुलगी हुशार आणि कष्टाळू होती. तिने चित्राखालची लॅटिन अक्षरं भिंगातून वाचली होती : 'स्ट्राडानुस इन्वेंट.' त्यावरून तिने शोध लावणारा असा अर्थ घेतला. मुद्राचित्रावर या शब्दाचा अर्थ 'चित्राची मूळ रचना यांची' एवढाच असतो. 'स्कुल्प.' म्हणजे पत्रा कोरणारा आणि 'एक्सकुड.' म्हणजे प्रकाशक. हे तीन शब्द पाठ केले की निम्मे घोटाळे मिटतात. मी तिला तिथेच सांगितलं, पण पाटी बदलायला चार दिवस लागले आणि तोवर शाळांच्या चार सहली ती वाचून गेल्या. चित्र लावण्याआधी एक संध्याकाळ त्या अक्षरांसाठी द्यायची तयारी नसेल, तर प्रदर्शन आठवडाभर पुढे ढकला.

दुसरी मोठी गफलत तंत्राची. चित्रात दिसतं त्या यंत्रावर हे चित्र छापलेलंच नाही! खिळ्यांच्या छपाईत शाई उंच भागावर बसते. हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आहे, म्हणजे शाई खोल रेघांत भरायची, वरचा पत्रा पुसून साफ करायचा आणि ओलसर कागद रुळांच्या यंत्रातून पत्र्यासह दाबून काढायचा. याच मालिकेच्या शेवटच्या चित्रात तांबं कोरणाऱ्यांचं काम आणि ते रुळांचं यंत्र दाखवलंय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा, वाचून समजत नाही ते लगेच दिसतं.

अस्सल आणि नक्कल ओळखायची तर माझी सवय सांगतो. आधी दहापट भिंग. ठिपक्यांची जाळी दिसली की ते अलीकडचं ऑफसेट म्हणजे यंत्रावर छापलेली नक्कल, पुढे काही बघायचं नाही. सलग, टोकाला निमुळती होणारी रेघ दिसली तर कागद खिडकीशी आडवा धरायचा. पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन, सुमारे २० गुणिले २७ सेंटिमीटर, बोटाला लागायला हवा. मग उजेडासमोर धरून जुन्या हातकागदात साच्याच्या जाळीच्या उमटलेल्या रेघा आहेत का ते बघायचं. यातली एकच खूण पुरेशी मानू नका, दबलेला चौकोन नंतरही उठवता येतो. पिवळा रंग ही तर खूणच नाही. मोबाइलवर फोटो पाठवून 'ओरिजिनल आहे का?' विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. कागद हातात हवा.

आणि कडा कापू नका. माझ्या एका मित्राचा वडिलोपार्जित छापखाना होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, तिथे वर हे चित्र लावायचं त्याच्या मनात होतं. त्याने परदेशातून नंतरच्या आवृत्तीची एक अस्सल प्रत मिळवली. मला दाखवली तेव्हा मी अर्धा तास नुसता सावलीच्या रेघा बघत बसलो होतो. पत्रा झिजल्यामुळे त्या करड्या पडल्या होत्या, तरी सुंदर होत्या. सण दोन दिवसांवर आला म्हणून त्याने जवळच्या फ्रेमवाल्याकडे ती दिली. फ्रेम तयार मापाची, चित्र थोडं मोठं. फ्रेमवाल्याने खालची पट्टी कापली आणि उरलेलं पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. पट्टीबरोबर नावं गेली, पत्र्याची कड गेली आणि ती लॅटिन ओळ गेली : जसा एक आवाज अनेक कानांना ऐकू जातो, तसं एक लिखाण हजार पानं भरतं. कापलेली पट्टी कचऱ्यात गेली होती. आम्ही दुसऱ्या दिवशी शोधायला गेलो, सापडली नाही. तो गोंद सुटत नाही. मी कोपऱ्यावर प्रयत्न केला आणि कागदाचा पापुद्रा निघायला लागला, तिथेच थांबलो.

म्हणून फ्रेम चित्राच्या मापाने करायची, चित्र फ्रेमच्या मापाने नाही. मागे जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, पुढे माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, त्यामुळे काच कागदाला टेकत नाही. सेलोटेप नाही. घरी धुणं नाही, ब्लीच तर अजिबात नाही. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ओल येते. मी श्रावण सरला की प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू तपासतो, बुरशी आणि कसर दोन्ही तिथूनच सुरू होतात.