यंदाचा संकल्प: चार ग्रामसभा आणि एक प्रश्न

हुरड्याच्या आगटीभोवती बसलं की संकल्पांना ऊत येतो. एक जण चहा सोडतो, दुसरा पहाटे पळायला जाणार असतो, आणि तिसरा (हा बहुतेक मीच) म्हणतो, "यंदा गावासाठी कायतरी करायचंच." संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईस्तोवर चहा परत सुरू झालेला असतो. त्या 'कायतरी'चं काय झालं, हे मात्र कुणी विचारतही नाही.

माझं गाव मिरज तालुक्यातलं, नोकरी सांगलीत. सकाळी एसटीनं जायचं, अंधार पडल्यावर परत यायचं. अशा माणसाला गावच्या राजकारणात पडायचं म्हटलं की तीनच वाटा दिसतात: कुठल्यातरी पार्टीचा झेंडा धरायचा, निवडणुकीला उभं राहायचं, नाहीतर पारावर बसून दोन्ही पार्ट्यांच्या नावानं खडे फोडायचे. मी बरीच वर्षं तिसरी वाट चालवली. चौथी वाट कायद्यातच होती: गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. त्या वाटेनं कसं जायचं, ते सांगतो.

संकल्प कापून लहान करा

'गाव सुधारायचं' हा संकल्प टिकत नाही, कारण त्याला तारीख नसते. 'वर्षातल्या चारही ग्रामसभांना जायचं आणि एकाच प्रश्नाचा पाठलाग करायचा' याला तारखा असतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा त्याच्या आसपास होतात. नवं कॅलेंडर भिंतीवर टांगतानाच या चार तारखांना गोल करा. लग्नाच्या तारखांना करतो तसाच.

प्रश्न निवडताना दोन गोष्टी बघा. तो तुमच्या डोळ्यांना रोज दिसणारा हवा, आणि त्यावर 'हो', 'नाही', आकडा किंवा तारीख असं नेमकं उत्तर देता आलं पाहिजे. शाळेच्या वळणावरचा दिवा लागतो का? घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते? छोट्या प्रश्नातून काय निघू शकतं ते बघायचं असेल तर कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावाकडे बघा. तिथं २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. याला कुठल्या आमदार निधीची गरज पडली नाही.

माझा प्रश्न होता: गावची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?

आधी आपलं घर नीट

घरपट्टी-पाणीपट्टी भरून पावती खिशात ठेवा. थकबाकीदारालाही सभेत बोलायचा हक्क आहे, पण गावात पहिला टोमणा तिथूनच येतो, "आधी पट्टी भर की लेका." मतदारयादीत नाव आहे ना, तेही बघा. नवीन नावासाठी अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला अर्ज क्रमांक ८. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोरांची नावं कधी तिकडे जातात, कधी कुठंच राहत नाहीत.

कागद आधी वाचा, मग तोंड उघडा

जानेवारी महत्त्वाचा का, ते इथं कळतं. पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि साधारण जानेवारीअखेरपर्यंत चालते. आपण तावातावानं बोलतो ते १५ ऑगस्टला, तोवर त्या वर्षाच्या पैशाचं वाटप कागदावर कधीच झालेलं असतं. जानेवारीत बोललात तर निदान आराखड्यात घुसता येतं.

ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की आराखड्यातली कामं आणि खर्च मोबाइलवर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२५-२६ पर्यंत केंद्राकडून आलेल्या, पैशाचे दोन भाग होते: ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. त्याखेरीज ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शेवटचे ५ टक्के कुठं गेले, एवढंच विचारलं तरी सभेत पंखा फिरल्याचा आवाज ऐकू येतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर आमच्या आराखड्यात रंगरंगोटी होती, पेव्हर ब्लॉक होते, कमान होती. टाकीच्या सफाईची ओळ नव्हती.

लेखी द्या, पोच घ्या

सभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागते. दवंडी आता व्हॉट्सॲपवरच फिरते, तरी ग्रामपंचायतीच्या फलकावर जाऊन विषयपत्रिका स्वतः वाचा आणि फोटो काढा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' ही शेवटची ओळ मोठी फसवी. त्या ओळीच्या भरवशावर राहिलात तर तुमचा नंबर लागेस्तोवर चहा वाटून झालेला असतो आणि निम्मी माणसं चपला शोधत असतात.

म्हणून विषय आधीच कागदावर द्या. सरपंचांच्या नावे, पाच-सहा ओळी, एकच मागणी. दोन प्रती न्यायच्या. एक आवक नोंदवहीत घालायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन घरी आणायची. हीच पोच. आमचे भाऊसाहेब म्हणाले, "एवढ्यासाठी कागद कशाला? सांगितलं असतं तरी झालं असतं." मी हसून शिक्क्याचं पॅड त्यांच्याकडं सरकवलं. (शासनानं ग्रामसेवकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, पण गावात ते भाऊसाहेबच.)

सभेत

कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी तो. तीन हजार मतदारांच्या गावाला शंभर माणसं पुरतात, आणि तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमचं बंधन नसतं. म्हणजे पंधरा-वीस जण गावाचा निर्णय करून मोकळे. १९४३ ते ४६ या काळात याच पट्ट्यानं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यानं, प्रतिसरकार चालवलं, गावोगाव न्यायदान मंडळं बसवली; आणि आज शंभर माणसं देवळासमोर दोन तास बसत नाहीत. त्यामुळे एकटं जाऊ नका. गल्लीतले चार घ्या, दोन्ही पार्ट्यांचे असतील तर फारच बरं. तुम्ही उभे राहिलात की पहिली कुजबुज होते ती 'हा कुणाचा माणूस?' अशी. शेजारी दोन्हीकडचे बसलेले दिसले की ती विरून जाते.

मी उभा राहिलो आणि विचारलं. मागून एक तात्या म्हणाले, "पानी येतंय न्हवं? मग?" सगळे हसले. आमच्या सरपंच ताई खुर्चीवर होत्या, पण उत्तराला उठले त्यांचे यजमान. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी माइक कुणाच्या हातात असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही बसा. ताई, तुम्हीच सांगा." क्षणभर सगळे गप्प. ताईंनी पदर सावरला, भाऊसाहेबांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई. बघून सांगते." त्या सभेतलं सगळ्यात सरळ उत्तर ते होतं.

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि तिथं झालेली शिफारस मोठ्या सभेपुढं येते. पाण्याचा विषय तिथून आला तर कुणी हसत नाही. पुढच्या खेपेला आईला आणि शेजारच्या दोन काकींना मी तिकडंच धाडलं.

प्रोसिडिंग

आमच्यासारख्यांची गाडी नेमकी इथं अडते. टाळ्या पडल्या, सरपंच 'करून घेऊ' म्हणाले, सगळे घरी गेले. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत मात्र ओळ नाही. वहीत नाही ते झालंच नाही. म्हणून तिथल्या तिथं म्हणा, "ठराव घ्या." सूचक तुम्ही, अनुमोदक शेजारचा. शब्दही तुम्हीच सांगा, नाहीतर 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली' असं गुळमुळीत लिहिलं जातं. आमचा ठराव असा झाला: 'पाण्याची टाकी दर पंधरा दिवसांनी धुवावी व धुतल्याची तारीख टाकीवर लिहावी.' मी तो वाचून दाखवायला लावला. हजेरीच्या पानावर सही करताना त्या पानाचाही फोटो घ्या. सभेनंतर घरोघर वही फिरवून सह्या गोळा करायची रीत काही गावांत अजून आहे.

ठरावाची नक्कल महिन्याभरात मागा. टाळाटाळ झालीच तर माहिती अधिकार आहे: अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. पण गावात हे शेवटचं हत्यार समजा. अर्ज टाकला की तुमचं कायमचं 'आरटीआयवाला' नाव पडतं, आणि उद्या कीर्तनाची वर्गणी मागायला गेलात तरी लोक हातातल्या कागदाकडं संशयानं बघतात. आधी दोनदा तोंडी, एकदा लेखी, मग अर्ज.

शहरात राहणाऱ्यांना ग्रामसभा नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असो की सातारा-कराडची नगरपालिका, तुमची वेळ अर्थसंकल्पाआधीची. जानेवारीतच प्रभागाच्या नगरसेवकाला आणि कार्यालयाला एका कामाचं पत्र द्या. पोचेचा नियम तोच.

आणि कधी ग्रामपंचायतीला उभं राहायचं मनात आलंच, तर वय २१ पूर्ण हवं, पट्टीची थकबाकी नको, घरात संडास हवा, दोन अपत्यांची अट बघायची, १ जानेवारी १९९५ चा किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास हवं, आणि राखीव जागा असेल तर जातवैधतेची तयारी आधीपासून. अर्ज भरायच्या आठवड्यात यातलं काही जमत नाही.

आमच्या टाकीवर आता निळ्या ऑइलपेंटनं 'स्वच्छ केल्याची तारीख' अशी पाटी आहे, पुढं काळा चौकोन, आणि त्यात शिपाई खडूनं आकडा लिहितो. पहिले चार महिने आकडा वेळेवर बदलला. निवडणुकीच्या धामधुमीत थांबला, १५ ऑगस्टला परत विचारलं, परत सुरू झाला. आज सकाळी एसटीला जाताना बघितलं, चौकोनात २८ नोव्हेंबर आहे. २६ जानेवारीचं पत्र लिहून ठेवलंय, दोन प्रतींत.