नवीन जीएम आलाय, टीम हरतेय, धीर कसा धरायचा

माझा दादा सॅन होजेला असतो, त्याच्यामुळे मला शार्क्सचा, म्हणजे तिथल्या आइस हॉकी टीमचा नाद लागला. तिकडची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे थंडीत आपल्याकडे सकाळी साडेआठ, आणि तेव्हा मी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये वाकडला ट्रॅफिकमध्ये असते, त्यामुळे मोबाईलवर बऱ्यापैकी बघून होते. 2023-24 चा सीझन सुरू झाला आणि टीम पहिल्या 11 च्या 11 मॅच हरली. दादा फॅमिली ग्रुपवर रोज लिहायचा, या जीएमला काढा. जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, टीममध्ये कोण घ्यायचं कोण सोडायचं ठरवणारा, आमचा माइक ग्रियर, जुलै 2022 ला आलेला, म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. तेव्हापासून मी जे करत आले ते सांगते, तुमची टीम कुठलीही असली तरी चालेल.

सगळ्यात आधी बघा की त्याच्या हातात आलं काय. एनएचएलमध्ये, म्हणजे शार्क्स खेळतात त्या आइस हॉकी लीगमध्ये, सॅलरी कॅप असते, टीमने पगारावर किती खर्च करायचा याची वरची मर्यादा, आणि नकोसा झालेला करार नुसता फाडून टाकता येत नाही. बायआउट करून प्लेयरला सोडलं तरी उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षं त्या पगाराचा काही भाग कॅपवर बसतो. ग्रियर आला तेव्हा एकट्या एरिक कार्लसनचे वर्षाला 11.5 मिलियन डॉलर होते आणि कॅप होती 82.5, करार पार 2027 पर्यंतचा, आधीच्या जीएमने केलेला. म्हणजे नवीन माणसाची पहिली दोन वर्षं आधीचा पसारा आवरण्यातच जातात. त्या काळात पॉइंट टेबल बघून त्याला मार्क देऊ नका, कोणते करार गेले, कोणते राहिले तेवढंच बघा. कार्लसनने 2022-23 ला 101 पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) केले, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेतली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ग्रियरने त्याला पिट्सबर्गला दिला. दादा दोन दिवस धड बोलला नाही. पण त्याची किंमत सगळ्यात जास्त तेव्हाच होती ना.

दुसरं, एक वही करा, खरंच करा. ट्रेड, म्हणजे दोन टीममधली प्लेयरची अदलाबदल, झाला की त्याच रात्री चांगला-वाईट ठरवायचं नाही, कोण गेलं कोण आलं लिहायचं आणि खाली अर्धं पान मोकळं सोडायचं. माझ्या वहीतलंच सांगते. मार्च 2024 ला टोमाश हर्टल वेगासला गेला, इतकी वर्षं आपला असलेला माणूस, मला स्वतःला खूप लागलं ते. बदल्यात आलं काय, तर डेव्हिड एडस्ट्रॉम नावाचा पोरगा आणि वेगासचा 2025 चा पहिल्या राउंडचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडतात तेव्हा पहिल्या फेरीत एक निवडायचा हक्क. मोकळी जागा तशीच राहिली. ऑगस्टमध्ये तेच दोन्ही नॅशव्हिलला देऊन यारोस्लाव अस्कारोव्ह आला, गोली म्हणजे गोलकीपर, 2020 च्या ड्राफ्टमध्ये 11 वा उचललेला. म्हणजे हर्टलच्या ट्रेडचं खरं उत्तर पाच महिन्यांनी मिळालं, आणि पूर्ण उत्तर अजून काही वर्षांनी मिळेल. माझे बाबा खडकीत हॉकी खेळून मोठे झालेत, त्यांचं म्हणणं असं की फॉरवर्ड दोन सीझनमध्ये दिसतो पण गोलकीपर पिकायला वेळ लागतो. गवत, टर्फ, बर्फ, तिन्हीकडे हे खरं असावं असं मला वाटतं.

ड्राफ्टची पोरं 18 वर्षांची असतात हे विसरू नका, आपल्याकडे बारावी झालेली. मॅक्लिन सेलेब्रिनी 2024 ला पहिला पिक आला आणि लगेच 70 मॅचमध्ये 63 पॉइंट केले, पण ते धरून बाकीच्यांना मोजलं तर अन्याय होतो. कोलोरॅडोने केल मकारला 2017 ला चौथा घेतला, त्यांच्याकडून तो पहिली मॅच खेळला एप्रिल 2019 मध्ये, मधली दोन वर्षं कॉलेज हॉकी. 2022 ला कोलोरॅडोकडे स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद आलं तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, आणि 2016-17 ला हीच टीम 82 मॅचमध्ये 48 पॉइंट काढून सगळ्यात तळाला होती. मधल्या काळात घाई केली असती तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग झालं असतं.

आता धीर म्हणजे तोंड शिवून बसणं नाही. बफेलो 2025 पर्यंत सलग 14 सीझन प्लेऑफला गेली नाही, आणि तिथे जीएमही बदलत राहिले. डेट्रॉइटला स्टीव्ह आयझरमन 2019 ला जीएम म्हणून आला, 2024 ला वॉशिंग्टनइतकेच 91 पॉइंट होऊन टायब्रेकवर बाहेर, 2025 ला परत बाहेर. सहा वर्षांनी तिथले फॅन प्रश्न विचारतात ते बरोबरच आहे. मी जीएमच्या चौथ्या सीझनपासून तीन गोष्टी विचारते. ड्राफ्ट केलेली पोरं वर येऊन मॅचमध्ये रोज बर्फावर खेळतायत का, नवीन लांबलचक करार पुन्हा तिशी ओलांडलेल्यांनाच दिले जातायत का, आणि तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये टीम अजून मॅचमध्ये असते का. तिन्ही उत्तरं वाईट आली तर बिनधास्त आवाज करा.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर म्हणाला वहीचे फोटो पाठव. पाठवले. आता तोही वही ठेवतो, आणि त्याच्या पहिल्या पानावर कार्लसन आहे, खाली अर्धं पान मोकळं.